जांभळे एरँथेमम

जांभळे एरँथेमम (शास्त्रीय नाव: स्यूडरँथेमम कारुथर्सिआय, प्रकार ॲट्रोपर्प्यूरियम, कुळ: ॲकँथेसी) हे गर्द जांभळ्या पानांचे, सदाहरित, शोभिवंत झुडूप आहे. ते मूळचे प्रशांत महासागरातील बेटांवरचे असून आता जगातील बहुतेक उष्णकटिबंधीय प्रदेशांत बागांतून लावले जाते. महाराष्ट्रात मुंबई, कोकण आणि घाटाच्या पायथ्याचा प्रदेश येथे कुंपण, वाटेची कड, इमारतीचे आवार आणि कुंडी या चारही ठिकाणी ते आढळते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत चार महिने अतिवृष्टी आणि त्यानंतर सात-आठ महिने जवळजवळ कोरडे हवामान असते. या दोन्ही टोकांना तोंड देऊ शकणाऱ्या मोजक्या रंगीत पानांच्या झुडपांमध्ये याची गणना होते.

नाव

'एरँथेमम' हे नाव या वनस्पतीच्या जुन्या वर्गीकरणातून आले आहे. एकोणिसाव्या शतकात तिचा समावेश एरँथेमम या प्रजातीत केला जात असे. पुढे ती स्यूडरँथेमम, म्हणजे 'एरँथेममसारखी भासणारी', या वेगळ्या प्रजातीत गेली. तरी रोपवाटिकांच्या व्यवहारात जुने नावच टिकून राहिले. जातीचे नाव ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कारुथर्स यांच्या नावावरून आहे. 'ॲट्रोपर्प्यूरियम' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'काळसर जांभळे' असा होतो.

खरे एरँथेमम सह्याद्रीत रानटी अवस्थेत वाढते. निळसर जांभळ्या फुलांचे ते झुडूप मराठीत दशमुळी या नावाने ओळखले जाते. आयुर्वेदातील 'दशमूळ' या दहा मुळांच्या गटाशी या नावाची गल्लत करू नये. रोपवाटिकेत 'एरँथेमम' मागितल्यास बहुतेक वेळा दशमुळी मिळत नाही. मिळते ते प्रस्तुत लेखातील झुडूप किंवा त्याचाच पिवळ्या शिरांचा प्रकार.

वर्णन

हे झुडूप साधारणतः १ ते २ मीटर उंच वाढते. न छाटल्यास अनुकूल जागी त्याहून उंच जाते. खोड सरळ, पेरेदार व पुष्कळ फांद्यांचे असते आणि पेऱ्यापाशी किंचित फुगीर दिसते. पाने साधी, समोरासमोर, लांबट अंडाकृती, अखंड कडांची व चकचकीत असतात. त्यांची लांबी साधारण १० ते १५ सेंमी. असते. रंग गर्द जांभळा ते काळसर असून त्यावर काही वेळा गुलाबी, हिरवट किंवा पांढुरके पट्टे अथवा ठिपके दिसतात. फुले फांद्यांच्या टोकाला फुलोऱ्यात येतात. पुष्पमुकुट बारीक नळीसारखा असून वर पाच पाकळ्यांत विभागलेला असतो. पाकळ्या पांढऱ्या ते फिकट गुलाबी असून घशापाशी किरमिजी रंगाचे ठिपके असतात. लागवडीत या झुडपाला फळ क्वचितच धरते. म्हणून त्याची अभिवृद्धी जवळजवळ पूर्णपणे कलमांनी होते.

ॲकँथेसी कुळातील अनेक वनस्पती मराठी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. अडुळसा, अबोली, कोरांटी आणि कारवी या सर्व याच कुळातील होत. कर्जत तालुक्यातील डोंगरउतार झाकणारी कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलोरा देते. तिच्या काठ्या विणून व त्यांवर शेणमातीचा लेप देऊन ठाकर व कातकरी वस्त्यांतील घरांच्या कुडाच्या भिंती उभारल्या जात आल्या आहेत. बागेतील एरँथेमम आणि रानातील कारवी यांचे हे नाते समोरासमोरची पाने, फुगीर पेरी व नळीदार फुले यांवरून सहज ओळखता येते.

पानांचा रंग

पाने जांभळी असली तरी त्यांत हरितद्रव्य असतेच. किंबहुना त्याशिवाय वनस्पती आपले अन्न तयार करू शकली नसती. जांभळा रंग अँथोसायनिन या गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. ही रंगद्रव्ये पेशीतील रिक्तिकेच्या पाण्यात विरघळलेली असतात, तर हरितद्रव्य हरितलवकांत बांधलेले असते. हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषते, अँथोसायनिन मुख्यतः हिरवा प्रकाश शोषते. दोन्ही एकत्र आल्यामुळे पानातून फारच थोडा प्रकाश परत येतो आणि ते काळपट जांभळे दिसते.

हा फरक शाळेतील साध्या प्रयोगाने दाखवता येतो. जांभळ्या पानाचे तुकडे गरम पाण्यात काही मिनिटे उकळल्यास पाण्यात विरघळणारे अँथोसायनिन पाण्यात उतरते आणि पानाचा हिरवा रंग उघडा पडू लागतो. त्या रंगीत पाण्यात लिंबाचा रस टाकल्यास ते तांबूस होते व खाण्याचा सोडा टाकल्यास निळसर-हिरवट छटेकडे झुकते; कारण अँथोसायनिनचा रंग द्रावणाच्या आम्लतेनुसार बदलतो.

अँथोसायनिन तयार होण्यास प्रकाश लागतो. त्यामुळे दाट सावलीत लावलेल्या झुडपाची पाने हिरवट व निस्तेज होतात आणि फांद्या लांबट, विरळ वाढतात. सावलीतील रोपाचा रंग फिका पडला की ते खत कमी पडल्याचे लक्षण मानून नत्रयुक्त खत दिले जाते. त्यामुळे कोवळी हिरवी वाढ अधिकच होते आणि रंग सुधारत नाही. असे रोप उजेडात हलवणे किंवा वरची सावली विरळ करणे हाच योग्य उपाय आहे.

मूळ स्थान व प्रसार

या जातीचे मूळ नैर्ऋत्य प्रशांत महासागरातील बेटांवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात उष्ण प्रदेशांतील रंगीत पानांच्या वनस्पती काचगृहांत वाढवण्याची मोठी आवड निर्माण झाली होती. लंडनमधील चेल्सी येथील रोपवाटिकाधारक विल्यम बुल यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी अशा वनस्पती बाजारात आणल्या. ॲट्रोपर्प्यूरियम या नावाशी बुल यांचे नाव जोडलेले आहे. थंड देशांत ही झाडे काचेखालीच जगत. उष्णकटिबंधीय प्रदेशांत मात्र ती उघड्यावर सहज रुजली आणि कुंपणाची झाडे बनली.

'काटक' या शब्दाचा अर्थ

बागकामाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत 'काटक' हे विशेषण प्रामुख्याने हिमतुषार सहन करणाऱ्या वनस्पतींना लावले जाते. तेथील प्रसिद्ध जांभळ्या पानांची झुडपे, उदाहरणार्थ जपानी बार्बेरी, समशीतोष्ण हवामानातील आहेत आणि त्यांना थंड हिवाळ्याची सवय असते. छायाचित्र पाहून मागवलेली अशी झुडपे कोकणाच्या दमट उष्म्यात टिकत नाहीत.

कर्जत-खालापूरमध्ये काटकपणाची कसोटी वेगळी आहे. येथे हिमतुषार पडत नाही. मात्र जून ते सप्टेंबर या काळात सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. कर्जत तालुक्यातीलच सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानला हे प्रमाण आणखी बरेच वाढते. त्यानंतर ऑक्टोबरच्या उन्हापासून मेअखेरीपर्यंत पाऊस नगण्य असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. म्हणून येथे तेच झुडूप काटक ठरते, जे जुलैत कुजत नाही आणि मे महिन्यात करपत नाही. जांभळे एरँथेमम या दोन्ही कसोट्यांना उतरते, पण दोन अटींवर: मुळांशी पाणी साचता कामा नये आणि पहिल्या उन्हाळ्यात रोपाची तहान भागवली पाहिजे.

कर्जत-खालापूरमधील जमीन व पाणी

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात आहेत. नदीकाठच्या व खोलगट भागातील भातखाचरांची माती चिकण व पाणी धरून ठेवणारी असते, तर उतारावरील वरकस जमीन उथळ, मुरमाड व लगेच निचरणारी असते. माथेरानच्या माथ्यावर जांभा दगड व तांबडी माती आहे. भाताची खाचरे बुजवून बांधलेल्या शेतघरांच्या आवारात वरून सपाट व कोरडी दिसणारी जमीन पावसाळ्यात खालून पाणी धरते. अशा ठिकाणी लावलेल्या झुडपांच्या मुळांना पाण्यात उभे राहावे लागते.

पाण्याच्या दृष्टीनेही या प्रदेशाचे दोन भाग पडतात. घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी वीजनिर्मितीसाठी खाली आणले जाते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. खोपोलीतून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेला, तर भिवपुरीचे पाणी पेज नदीला मिळते. त्यामुळे या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात आणि कर्जत तालुक्यात राजनाला कालव्यावर उन्हाळी भातही होतो. याउलट उतारावरील वाड्यांच्या विहिरी व झरे मार्चनंतर आटू लागतात आणि पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते. एकाच खोऱ्यातील या विषम स्थितीत शोभेच्या बागेला किती पाणी द्यावे हा केवळ बागकामाचा प्रश्न राहत नाही. हिरवळ व हंगामी फुलझाडे यांच्या तुलनेत, एकदा मूळ धरल्यावर कमी पाण्यावर तग धरणारी झुडपे निवडणे या प्रदेशात अधिक योग्य ठरते.

लागवड

जागा: सकाळचे ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली मिळणारी पूर्वेकडची जागा उत्तम. पूर्ण उन्हातही झुडूप वाढते, परंतु पश्चिमेकडील भिंतीलगत मे महिन्यात पानांच्या कडा करपतात. कौलारू किंवा पत्र्याच्या छपराच्या पागोळ्या थेट पडतील अशी जागा टाळावी. सततच्या माऱ्याने माती वाहून जाते व मुळे उघडी पडतात.

वेळ: जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर लागवड केल्यास रोपाला मूळ धरण्यास चार महिने मिळतात. जेथे पाणी साचते अशा जमिनीत ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा काळ अधिक सुरक्षित असतो.

खड्डा: सुट्या रोपासाठी ३० सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डा पुरेसा होतो. कुंपणासाठी सलग चर खणावा. मातीत चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. चिकण जमिनीत खड्ड्यात केवळ वाळू भरू नये. भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही आणि खड्डा हौदासारखा भरून राहतो. त्याऐवजी भोवतालच्या जमिनीपेक्षा १५ ते २० सेंमी. उंच गादीवाफा किंवा वरंबा करून त्यावर रोपे लावावीत व दोन्ही बाजूंनी पाणी निघून जाईल असा उतार द्यावा. मुरमाड वरकस जमिनीत याउलट आळे किंचित खोलगट ठेवून त्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

अंतर: दाट कुंपणासाठी दोन रोपांत साधारण ४५ सेंमी. अंतर ठेवतात. या हिशेबाने १० मीटर लांबीच्या एकेरी ओळीला २३ रोपे लागतात.

पाणी: पहिल्या उन्हाळ्यात आच्छादन घातलेल्या रोपाला तीन-चार दिवसांआड साधारण ५ लिटर पाणी पुरते, म्हणजे वरील कुंपणाला एका पाळीस सुमारे ११५ लिटर लागतात. दुसऱ्या वर्षापासून पाळ्यांमधील अंतर आठ-दहा दिवसांपर्यंत वाढवता येते. थोडे थोडे पाणी रोज देण्यापेक्षा अंतराने पण खोलवर पोहोचेल असे पाणी दिल्यास मुळे खाली जातात आणि झुडूप पुढील उन्हाळ्यासाठी तयार होते. दुपारी पाने लोंबली, पण संध्याकाळी पुन्हा ताठ झाली, तर पाण्याची निकड नसते. सकाळीही पाने मलूल दिसली तर पाणी द्यावे. पावसाळ्यात ओली माती असूनही पाने मलूल होत असतील तर तो पाण्याचा अभाव नसून मुळे कुजण्याची सुरुवात असते. या दोन अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून पाणी देण्यापूर्वी बोटभर खोल माती तपासणे आवश्यक आहे. कुंडीतील रोपांना उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड पाणी लागते.

खत: वर्षातून दोनदा, पावसाच्या सुरुवातीस व ऑक्टोबरमध्ये, ओंजळभर कुजलेले शेणखत पुरते.

अभिवृद्धी

छाट कलमे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. अर्धपक्व, म्हणजे पूर्ण कोवळीही नाही आणि लाकडासारखी कठीणही नाही, अशा फांदीचे तीन-चार पेऱ्यांचे १२ ते १५ सेंमी. लांबीचे तुकडे घेतात. खालचा छेद पेऱ्याच्या लगेच खाली देतात, कारण मुळे बहुधा पेऱ्यापाशी फुटतात. खालची पाने काढून टाकून वरची अर्धी कापतात. त्यामुळे मुळे नसलेल्या काडीतून पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. काड्या माती, वाळू व शेणखताच्या भुसभुशीत मिश्रणात निम्म्यापर्यंत खोचून सावलीत ठेवतात.

दमट हवेमुळे पावसाळा हा कलमांचा हंगाम आहे. मात्र कर्जत-खालापूरच्या जुलैतील झडीत उघड्यावरच्या पिशव्या पाण्याने भरून काड्या कुजतात. त्यामुळे त्या पडवीत किंवा आडोशाखाली, पण उजेडात ठेवणे इष्ट. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. नवी पाने दिसताच रोप उपटून पाहू नये. काडीतील साठलेल्या अन्नावरही पाने येतात. हलके ओढल्यावर काडीने प्रतिकार केला तर मुळे धरली असे समजावे.

छाटणी

रोप सुमारे ३० सेंमी. उंच झाल्यावर शेंडा खुडल्यास खालून फांद्या फुटून झुडूप भरगच्च होते. मुख्य छाटणी जूनच्या उत्तरार्धात, पाऊस स्थिरावल्यावर करावी. नवी फूट जोमाने येते. ऑक्टोबरमध्ये हलकी छाटणी करता येते. एप्रिल-मे महिन्यांत खोल छाटणी करू नये, कारण आतापर्यंत सावलीत असलेली आतील पाने व खोड एकदम कडक उन्हात येऊन करपतात. कुंपण तळाशी थोडे रुंद व माथ्याशी निमुळते ठेवल्यास खालच्या पानांनाही उजेड मिळतो आणि तळ उघडा पडत नाही.

किडी व रोग

कोरड्या ऋतूत पिठ्या ढेकूण, खवले कीड व कोळी यांचा उपद्रव होतो. पिठ्या ढेकूण पेऱ्यांवर व पानांच्या बगलेत कापसासारखे पुंजके करतात. त्यांच्या गोड स्रावावर काळी बुरशी वाढते व मुंग्या येतात. गर्द पानांवर काळी बुरशी चटकन दिसत नाही; त्यामुळे खोडावरील मुंग्यांची ये-जा हीच पहिली खूण समजावी. सुरुवातीस पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, तसेच साबणाचे सौम्य द्रावण किंवा निंबोळी तेलाच्या फवारणीने कीड आटोक्यात येते. पावसाळ्यात मूळकूज हाच मुख्य धोका असून निचरा सुधारणे हाच त्यावरील खरा उपाय आहे.

साधर्म्य असलेली झुडपे

रोपवाटिकेत 'लाल-जांभळ्या पानांचे झुडूप' म्हणून अनेक वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यांतील काही विषारी असल्याने त्यांची ओळख महत्त्वाची ठरते.

लाल पानांचा युफोर्बिया (युफोर्बिया कोटिनिफोलिया): पाने गोलसर, लांब देठांची व बहुधा एका पेऱ्यावर तीन असतात. फांदी तोडताच पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला दाहक असून डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. छाटणी करताना हातमोजे व डोळ्यांना संरक्षण आवश्यक आहे. मुलांच्या खेळण्याच्या जागी, शाळेच्या आवारात किंवा गोठ्याजवळ हे झाड लावू नये.

एक्सकोकेरिया (एक्सकोकेरिया कोचिनचायनेन्सिस): पानाची वरची बाजू हिरवी व खालची तांबडी-जांभळी असते. यातही दाहक चीक असतो.

अकॅलिफा (अकॅलिफा विल्केसियाना): पाने एकाआड एक, दातेरी कडांची व तांबूस असतात, फुलोरे बारीक शेपटीसारखे असतात.

ग्रॅप्टोफायलम (ग्रॅप्टोफायलम पिक्टम): हे एरँथेममच्याच कुळातील असून पाने समोरासमोर असतात, पण त्यांच्या मध्यभागी फिकट पट्टा असतो आणि फुले किरमिजी असतात.

जांभळ्या एरँथेममची पाने समोरासमोर व अखंड कडांची असतात आणि तोडल्यावर पांढरा चीक येत नाही. या तीन खुणा एकत्र पाहिल्यास ओळख चुकण्याचा संभव कमी होतो.

पर्यावरणीय बाजू

बी क्वचितच धरत असल्याने हे झुडूप बियांद्वारे रानात पसरण्याची शक्यता कमी आहे. परंतु ओल्या मातीत पडलेल्या फांद्यांना मुळे फुटू शकतात. म्हणून पावसाळी छाटणीतील काटक्या ओढ्याच्या काठी किंवा जंगलाच्या कडेला टाकू नयेत. त्या वाळवून किंवा बारीक करून कंपोस्ट खड्ड्यात घालाव्यात. माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून २००३ मध्ये अधिसूचित झालेला असल्याने त्याच्या पायथ्याच्या बागांत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे.

सलग एकाच परदेशी झुडपाचे कुंपण स्थानिक कीटक व पक्ष्यांना फारसे उपयोगी पडत नाही. कारवीसारख्या स्थानिक ॲकँथेसी वनस्पतींवर चॉकलेट पॅन्सी व इतर काही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. त्यामुळे जांभळ्या एरँथेममची ओळ पुढे आणि तिच्या मागे दशमुळी, कोरांटी, अडुळसा यांसारखी त्याच कुळातील झुडपे, अशी मिश्र रचना अधिक उपयुक्त ठरते. या सर्वांची पावसाळ्यातील व उन्हाळ्यातील गरज बरीचशी सारखी असल्याने त्यांना वेगळे पाणी द्यावे लागत नाही. गर्द पानांच्या पार्श्वभूमीवर कोरांटीची पिवळी आणि दशमुळीची निळसर फुले उठूनही दिसतात.